घाटावरचा सेट दीड तास गप्प होता

कुलाबा जिल्ह्यात माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी सिग्नल्समध्ये नाईक होतो. रायगड जिल्हा हे नाव पुष्कळ नंतरचं. स्वातंत्र्याला सातेक वर्षं झाली होती. पालीच्या अलीकडे अंबा नदीवर इंजिनियर्सची एक कंपनी पूल बांधत होती. तिला जोडून आमची तिघांची डिटॅचमेंट दिली होती. मी, लान्स नाईक काशिनाथ आणि स्वयंपाक, पहारा, ओझी असं सगळं बघणारा एक जवान. घाटमाथ्यावर किती पाऊस पडला ते मोजायचं आणि खाली पुलावर कळवायचं, एवढंच आमचं काम.

या कामात पाच माणसं गेली. त्यांतला काशिनाथ आपली जागा सोडून गेला होता, असं सरकारी कागदात आहे. ते खोटं आहे. खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते सांगायला म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी ती नदी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्टोबरात पुलाशी लख्ख ऊन असतं. पाणी गुडघ्याएवढं, गुरं बसलेली, बाया धुणी धूत असतात. त्याच वेळी बारा मैलांवर घाटात ढग फुटलेला असू शकतो. ते पाणी साधारण दीड तासात पुलाशी येतं. चढत चढत येत असतं तर माणसाला पळता तरी आलं असतं. ते छातीएवढं उभं राहूनच येतं. पुलाच्या मधल्या खांबासाठी नदीच्या पात्रात मोठा खड्डा खणला होता आणि माणसं दिवसभर त्या खड्ड्यात उतरून काम करत.

काशिनाथ दिघीचा. बाप तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. दिघी ते आगरदांडा खाडीत त्याची होडी चालायची. पोरगा उंच, काळा, हसरा, आणि तोंडाचा फटकळ. त्याला वायरलेस सेट चालवायला मीच शिकवलं होतं, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. तो खाली पुलावर, मी वर घाटावर. त्याचा तंबू नदीपासून दोनशे यार्डांवर उंच टेकाडावर होता. तिथे पाणी कधीच पोचलं नाही. त्या दिवशीही पोचलं नाही.

वर माझा तंबू धनगरांच्या वाडीजवळ. पाच-सहा झोपड्या, म्हशी, आणि ठकूबाई नावाची एक म्हातारी. पितळी पर्जन्यमापक तंबूसमोर पुरलेला. दर तासाला मोजायचं. तासात एक इंचाच्या वर गेलं की फ्लड वॉर्निंग. ती गेली की खाली शिट्टी वाजायची आणि वर्किंग पार्टी पात्रातून बाहेर.

आमच्याआधी तिथे वायरलेस नव्हता, पण वॉर्निंग होती. माथ्यावर मोठा पाऊस झाला की ठकूबाईच्या वाडीतलं कोणीतरी कड्यावर जाऊन तीन लांब कुकारे द्यायचं. ते ऐकून खालची कातकरवाडी तीन द्यायची, मग त्याखालचं गाव, मग त्याच्याखालचं. नदीकाठी पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. वाडवडिलांपासून हे चालत आलेलं.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी असा कुकारा आला. पात्रात काम करणारे गावचे मजूर घमेली टाकून वर पळाले. आमचे जवानही त्यांच्यामागे. मी अर्धा इंच कळवला होता, म्हणजे वॉर्निंग नव्हती. पाणी दोन वीत चढलं आणि उतरलं. पण तेवढ्यात नुकतं ओतलेलं काँक्रीट वाहून गेलं. पुलाच्या कंपनीचे कॅप्टन साहेब भयंकर तापले.

"इथे काम कोल्ह्यांच्या ओरडण्यावर चालणार आहे का?" ते म्हणाले. "आजपासून वायरलेसचा मेसेज असेल तरच माणूस पात्रातून हलेल."

ही ऑर्डर हिंदीत, मराठीत सगळ्यांना वाचून दाखवली. ती बातमी वरही पोचली. ठकूबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताक घेऊन आली आणि म्हणाली, "आमाला कोल्हं म्हनला व्हय तुमचा सायेब? बरं हाय. आता तुमचा डबाच वरडंल."

मी हसलो. मला ते आवडलंही होतं, खरं सांगायचं तर. माझा सेट म्हणजे मोठी चीज, असं मला वाटायचं.

आता माझी करणी सांगतो. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच वरचं चार्जिंग इंजिन बंद पडलं होतं. बॅटऱ्या खालून डोक्यावर वाहून आणाव्या लागत. चार तासांची चढण, एकेक बॅटरी म्हणजे धोंडा. दर तासाला सेट चालू करून "पाऊस नील", म्हणजे शून्य, एवढंच सांगायचं, यात निम्मी बॅटरी जायची. मी कॅप्टन साहेबांना सेटवरूनच विचारलं, पाऊस नसेल तेव्हा मी बोललो नाही तर चालेल का? तासाला आवाज आला नाही म्हणजे नील समजायचं. मधल्या वेळात सेट बंद ठेवीन. साहेब म्हणाले, ठीक आहे, करा. लेखी काही झालं नाही.

काशिनाथला ते रुचलं नाही. त्या संध्याकाळी तो सेटवर म्हणाला, "उस्ताद, गप बसल्याला मानूस बरा हाय असं कसं धरायचं? आमच्या होडीत कोन गप बसला तर पयलं हाक मारून बगतो. झोपलाय का पान्यात पडलाय, काय म्हाईत?"

"तांडेला, ही होडी नाही," मी म्हणालो. "लिहून घे. आवाज नाही, म्हणजे नील."

"रॉजर. लिवला," तो म्हणाला.

दुसरा एक नियम आधीपासून होता, तो लेखी. माझ्या तंबूत पुठ्ठ्यावर चिकटवलेला. गडगडाट ऐकू येताच सेट बंद, एरियल खाली, तार जमिनीत. आदल्या वर्षी दुसऱ्या एका पोस्टवर विजेने सेट जळला होता आणि ऑपरेटरचे दोन्ही कान गेले होते. नियम चांगलाच होता. माझाही नियम चांगला होता, बॅटरी वाचवणारा. सप्टेंबरचा पाऊस मुका असतो, नुसता पडतो. म्हणून महिनाभर या दोन नियमांची गाठच पडली नाही. गडगडाटाचा पाऊस आला की सेट गप्प होणार आणि सेट गप्प म्हणजे पाऊस नाही, हे मला दिसायला हवं होतं. मी शिकवणारा होतो. मला दिसलं नाही.

चित्रा नक्षत्र लागलं. भातं पिवळी पडायला लागली होती. त्या दिवशी सकाळी जवान रिकाम्या बॅटऱ्या घेऊन खाली उतरला. वर मी एकटा. उकाडा इतका की म्हशी सावलीतून हलेनात.

दुपारी दोनला आकाश मोकळं होतं. मी बोललो नाही. खाली नील लिहिलं गेलं.

दोन वीसला पूर्वेला एक ढग उभा राहिला. वर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट. ठकूबाई गोठ्याशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. "पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा," ती म्हणाली. पण बोलली ते उगाच, तोंडची सवय म्हणून. तिचा चेहरा काही पीक चांगलं येणार म्हणून खूश झालेला नव्हता.

दोन पंचेचाळीसला पहिला गडगडाट झाला, आणि त्याबरोबरच समोरच्या ऐनाच्या झाडावर वीज पडली. मी धावत जाऊन एरियल उतरवली, तार जमिनीत खोचली. सेट बंदच होता. 'क्लोजिंग डाउन' एवढे दोन शब्द खाली सांगायचे तर एरियल पुन्हा चढवायला हवी होती. मी चढवली नाही. मनात म्हटलं, असला ढग पंधरा मिनिटांत निघून जातो.

तीनला पाऊस सुरू झाला. तीन पंधराला मापक बघितला. सव्वा इंच. पाव तासात. मी पुन्हा मोजला, कारण विश्वास बसेना. गडगडाट चालूच. साडेतीनला अडीच इंच. वाडीमागच्या ओहोळातून दगड गडगडत जात होते, त्यांचा आवाज आणि वरचा आवाज वेगळा करता येत नव्हता.

मी तंबूत बसून होतो. समोर सेट, हातात घड्याळ, डोळ्यांसमोर पुठ्ठ्यावरचा नियम. मला भीती वाटत होती. विजेचीही आणि ऑर्डर मोडायचीही. कोणती जास्त ते आज सांगता येणार नाही.

ठकूबाई इरलं घेऊन आत आली.

"डबा का गप हाय तुजा?"

"वीज आहे आजी. चालू करता येत नाही."

"मंग खालच्यास्नी कोन सांगनार?"

मी पुठ्ठ्यावरच्या नियमाकडे बघितलं.

"कुकारा देऊ का?"

"साहेबाची मनाई आहे."

म्हातारीने माझ्याकडे जसं बघितलं तसं आयुष्यात दुसऱ्या कोणी बघितलं नाही. "मनाई तुला आसंल," ती म्हणाली. "मला न्हाय." आणि इरलं तिथेच टाकून त्या पावसात कड्याकडे गेली. तीन कुकारे मी ऐकले. खालून उत्तर यायला वेळ लागला. पण आलं. तेव्हा तीन चाळीस झाले होते.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. सांगणारा एक मजूर होता आणि काठावर लोखंड मोजत बसलेला एक सॅपर, म्हणजे इंजिनियर्सचा जवान. दोघांचं सांगणं जुळत होतं.

चारला पाच कमी असताना कुकारा नदीवर पोचला. वर ऊन होतं. गावचे मजूर क्षणभर थांबले, एकमेकांकडे बघितलं आणि निघाले. त्यांतल्या एकाने खड्ड्यातल्या सॅपरांवरच्या हवालदार गणपतला हात धरून सांगितलं, "चला वर, हवालदारसायेब. पानी येनार हाय." हवालदाराने टेकाडावरच्या तंबूकडे बघितलं. कॅप्टन साहेब तेव्हा तिथे होते.

त्यांनी काशिनाथला विचारलं, "थ्री काय म्हणतो?" थ्री म्हणजे मी.

काशिनाथने चार वाजेपर्यंत कानाला हेडफोन लावून वाट बघितली. मग म्हणाला, "सेट गप्प आहे, सर. नील." आणि तसं कागदावर लिहिलं. निळ्या पेन्सिलीने. तो कागद मी पाहिला आहे.

"मग काम चालू ठेवा," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसून पालीला सिमेंटच्या गाडीची चौकशी करायला गेले.

हवालदार गणपत आणि तीन सॅपर पुन्हा खड्ड्यात उतरले. पाणी उपसणारा पंप चालू होता. त्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे.

चार वाजून बारा मिनिटांनी मी ऑर्डर मोडली. मापकातलं पाणी बाहेर सांडत होतं, पुढचं मोजणंच शक्य नव्हतं. भिजलेल्या हातांनी एरियल चढवली. वीज अजून पडत होती. सेट गरम व्हायला एक मिनिट लागलं. ते मिनिट माझ्या मरणापर्यंत संपणार नाही.

"हॅलो वन, हॅलो वन. थ्री. फ्लड वॉर्निंग. पाच इंचांच्या वर. नदी रिकामी करा. ताबडतोब. ओव्हर."

"वन. रॉजर." मग तो थांबला. प्रोसिजर सोडून बोलला, "उस्ताद, मगाशी तर नील व्हता."

एवढंच. मी उत्तर द्यायला बटण दाबलं तेव्हा तिकडे कोणी नव्हतं. मी पंधरा मिनिटं हाका मारत राहिलो.

त्याने आधी शिट्टी फुंकली. पंपामुळे खाली ती पोचली नाही. तंबूत दुसरा माणूस नव्हता, साहेब पालीला. मग हेडफोन टेबलावर ठेवून तो टेकाड उतरला. काठावरून ओरडला. मग पात्रात शिरला. मजूर वरून ओरडत होते, "नको जाऊ! आलं! आलं!" त्यालाही दिसलं असणार. खाडीवर वाढलेला पोर तो, पाण्याची चाल त्याला मजुरांइतकीच कळत होती. तरी तो खड्ड्याच्या काठापर्यंत गेला आणि त्याने वाकून हवालदाराला हात दिला. तेवढ्यात पाणी आलं. पंपासकट सगळं गेलं.

वरून जो पाऊस मी मोजला होता, तो दीड तासात माझ्या माणसांपर्यंत पोचला. माझा मेसेज त्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी पोचला.

चौघं दोन दिवसांत सापडले. काशिनाथ तिसऱ्या दिवशी, नागोठण्याच्या पुढे, भरतीच्या पाण्याने परत ढकललेला. त्याच्या उजव्या मुठीत खाकी शर्टाची फाटकी बाही होती. ती हवालदार गणपतची. मी ती मूठ सोडवायला मदत केली. सुटत नव्हती.

आठवड्याने कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजर, दोन अधिकारी. प्रश्न नीट आणि थंडपणे विचारले गेले. कॅप्टन साहेबांनी सांगितलं, चार वाजता ऑपरेटरने नील रिपोर्ट दिला. ते खरंच होतं. रिपोर्ट आला होता की नुसती शांतता होती, हे कोणी विचारलं नाही. मग सांगितलं, वॉर्निंग आल्यावर ऑपरेटरने ती कोणत्याही अधिकाऱ्याला कळवली नाही आणि हुकमाशिवाय सेट सोडून गेला. तेही अक्षराने खरं होतं.

मला मेजरने विचारलं, "गडगडाटात सेट चालवू नये ही ऑर्डर माहीत होती?"

"होती, सर."

"तरी चालवला?"

"होय, सर."

"आणखी काही सांगायचं आहे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. की नील त्याने मनाने लिहिलं नाही, मी लिहायला लावलं. की शांततेला नील म्हणायचा नियम मी मागून घेतला, आणि याच पोराने त्याला हरकत घेतली होती. कॅप्टन साहेब माझ्या समोर बसले होते. त्यांनी डोळे वर केले नाहीत. माझी हवालदाराच्या बढतीची कॅडर परीक्षा पास झालेली होती, नाव यादीत होतं.

"नाही, सर," मी म्हणालो.

निकाल असा लागला. सेट नियमाविरुद्ध चालवल्याबद्दल मला रेप्रिमांड, लेखी ठपका. म्हणजे ज्या दोन मिनिटांत मी बरोबर वागलो, त्या दोन मिनिटांची शिक्षा. उरलेल्या दीड तासाबद्दल एक अक्षर नाही, कारण त्या वेळात मी ऑर्डरप्रमाणे वागत होतो. आणि लान्स नाईक काशिनाथ, जागा सोडून गेला, असा शेरा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फरक एवढाच की संन्यासी आधीच मेलेला होता आणि चोराने तोंड उघडलं नाही.

महिन्याने त्याची ट्रंक घेऊन मी दिघीला गेलो. बापाने मला ओळखलं, पोराने पत्रांत लिहिलं असणार. घरात बसवलं नाही, होडीत बसवलं. "चल, आगरदांड्याला सोडतो," म्हणाला. खाडीच्या मध्यावर त्याने शीड सैल केलं. हात सुकाणूवरच होता.

"कागद आलाय," तो म्हणाला. "मास्तरानं वाचून दाखवला. जागा सोडून ग्येला म्हनं. खरं हाय?"

मी त्याच्या सुकाणूवरच्या हाताकडे बघितलं.

"माज्या बापानं सुकानू सोडला न्हाय, मी न्हाय सोडला. वादळात माझी दोन बोटं ग्येली, ही बग. तू त्याचा उस्ताद. तुला म्हाईत असंल. सांग."

त्याला एकच शब्द हवा होता. मी म्हणालो, "मी वर होतो, बाबा. मला खालचं काही माहीत नाही."

त्याने मान हलवली. शीड पुन्हा ताणलं. आगरदांड्याला मी उतरताना म्हणाला, "मंग त्याचा फोटू भितीवर नको." वर्दीतला फोटो होता, मीच काढायला पाठवलं होतं त्याला. नंतर कळलं की घरी जाऊन त्याने तो उतरवला आणि पालथा करून त्याच ट्रंकेत ठेवला.

मी हवालदार झालो. पुढे सुभेदार होऊन रिटायर झालो. माझा फोटो माझ्या घरात भिंतीवर आहे, हार घालायला जागा सोडून. कॅप्टन साहेब वारले. ठकूबाई तर कधीच गेली. त्या जागी पुढे दुसरा पूल झाला, पक्का. एस. टी. त्यावरून जाते आणि खाली कोण बुडालं ते कंडक्टरला ठाऊक नसतं. असायचं कारणही नाही.

दिघीला मी पुन्हा गेलो तेव्हा तांडेल वारून दोन वर्षं झाली होती. काशिनाथचा धाकटा भाऊ होडी चालवतो. त्याने मला ओळखलं नाही. मी पैलतीरापर्यंत त्याच्या शेजारी बसून होतो आणि तेव्हाही बोललो नाही. एवढा मी शूर.

हवालदार गणपत, गाव साताऱ्याकडचं. सॅपर तुकाराम. सॅपर हरनाम सिंग, नुकतंच लग्न झालेलं. सॅपर नूर महंमद, बासरी वाजवायचा. चौघं खड्ड्यात होते कारण त्यांना तसा हुकूम होता.

लान्स नाईक काशिनाथ तांडेल, दिघी. दुपारी चार चौदाला माझी वॉर्निंग घेतली. ती पोचवायला दुसरा माणूस नव्हता म्हणून स्वतः पोचवली. कागदावरचं नील त्याचं नव्हतं, माझं होतं.

या लिखाणाची एक प्रत मी दिघीला त्याच्या भावाकडे पाठवतो आहे. ट्रंक अजून घरात असेल तर फोटो तिच्यात तळाशी असेल. तो काढून भिंतीवर लावावा.